बागेत न जाता तेल्यावर पेपर कसा लिहावा

परवा एका परिषदेसाठी आलेला पेपर माझ्याकडे तपासायला आला. विषय: डाळिंबावरचा तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) डीप लर्निंगने, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेल्या संगणकाच्या मॉडेलने, ओळखणे. अचूकता नव्व्याण्णवच्या वर. वाचून खात्री पटली की संगणकशास्त्रात संशोधन कसं करायचं हे आपल्या सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती सेवा मी करतो.

विषय इथलाच घ्या. डाळिंब, चादर, काहीही. प्रस्तावनेत 'स्थानिक शेतकऱ्यांसाठी' असं लिहिता येतं. पण सांगोल्याला बागेत जाऊ नका, ऊन फार. पुणे रस्त्यावर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिकडेही फिरकू नका. हा डाग तेल्याचा कशावरून, बुरशीचा का नाही, असं ते लोक विचारत बसतील.

संदर्भ वाचायचे नसतात, द्यायचे असतात.

निष्कर्ष प्रयोगाआधीच लिहून ठेवा.

उचलेगिरीची भीती नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. उरलेलं शब्द बदलणाऱ्या टूलमध्ये टाका. त्यातून आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होऊन बाहेर पडलं तर पडू द्या. असले शब्द २०२१ साली गियोम कबानाक या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी छापील पेपरांतून ढिगाने शोधून काढले, पण ते कुठे केगावला येणार आहेत!

आता मुख्य कला, प्रयोग. एक पान घ्या. उलटं करा, आडवं करा, फिरवा, उजेड वाढवा, कमी करा. एका पानाची वीस झाली. मग सगळी एकत्र कालवून ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के परीक्षेला अशी वाटणी करा. शिकवायच्या ढिगात जे पान सरळ, तेच परीक्षेच्या ढिगात उलटं. मॉडेल ओळखणार नाही तर काय करील? आदल्या रात्री पेपर फुटल्यावर कोण नापास होतं? आणि त्या पेपरातला तो कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे मॉडेलने कशाला काय म्हटलं याचा तक्ता! मी चौकटींची बेरीज केली, ती परीक्षेला ठेवलेल्या फोटोंपेक्षा जास्त भरली. पेनाने करून पाहिली, तरी जास्तच. चौघांची नावं आहेत पेपरावर, चौघांपैकी एकालाही बेरीज करावीशी वाटली नाही? वर दाखला कुणाचा, तर मोहंती आणि सहकाऱ्यांचा, २०१६. त्यांनी प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या संग्रहावर ९९.३५ टक्के मिळवले, हे खरं. पण त्याच पेपरात त्यांनी हेही छापलं की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. पहिला आकडा सगळे उचलतात, दुसऱ्याला कुणी हात लावत नाही. २०२२ मध्ये तर एकाने त्याच फोटोंच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेऊन ४९ टक्के काढून दाखवले. पीक आणि रोग मिळून ३८ वर्ग, आणि पानाकडे न बघता निम्म्याच्या जवळ! म्हणजे मॉडेल रोग शिकलं की फोटोमागचा कागद? बरं, त्या संग्रहात १४ पिकं आहेत, डाळिंब नाही. आमच्या मंडळींनी मॉडेल त्यावर आधी घोटलं आणि डाळिंबाचे फोटो गुगलवरून उतरवले. कुणाच्या बागेतले, कुठल्या हंगामातले, एका ओळीत तरी सांगा की!

कोड 'विनंती केल्यास मिळेल' असं लिहा आणि विनंतीला उत्तर देऊ नका.

परिषद पैसे भरून घेणारी बघा. प्रोग्रॅमने जुळवलेला निरर्थक पेपर २००५ सालीच एका परिषदेने स्वीकारला होता, तुमचा तर हाताने चिकटवलेला आहे.

समीक्षकाने शंका काढली तर आभार माना आणि दुसरंच काहीतरी दुरुस्त करा. मी विचारलं होतं, वाटणी आधी केली की फिरवाफिरवी आधी? उत्तर आलं: 'मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत. इंग्रजी सुधारले आहे.'

इंग्रजी! अरे, इंग्रजीबद्दल विचारलं होतं का कुणी? तेल्यापायी लोक बागा उपटून टाकतात. तुमचं ॲप उद्या डागाळलेल्या पानाला निरोगी म्हणालं, तर फवारणी चुकेल, फळं तडकतील, कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहील. एका झाडाचे फोटो एकाच ढिगात ठेवा, वाटणी आधी करा, वाढवायचे ते फक्त शिकवायचे फोटो वाढवा. दोन तासांचं काम आहे. आकडा सत्तरवर आला तर सत्तर लिहा, लाज कसली? आणि सर, पहिलं नाव तुमचं आहे. पोरं चुकतील, शिकायलाच आलीत ती. तुम्ही सही करण्याआधी ती फाईल एकदा उघडली तरी होती का?