ऑफरोडिंगला सीटबेल्ट नको म्हणणाऱ्यांना

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोड्याच्या कच्च्या वाटांवर फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्या निघतात आणि दरवर्षी तोच मजकूर मोबाईलवर फिरू लागतो: 'ऑफरोडिंगला सीटबेल्ट लावू नका. वेग कमीच असतो. गाडी कलंडली तर उडी मारता येते. पट्टा अडकला तर आत जळून किंवा बुडून मराल. एअरबॅग आहेतच.' यंदा तो मला माझ्या पुतण्याने पाठवला. त्याने नुकतंच लायसन्स काढलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या पावसात वाळपईपलीकडे काजूच्या बागायतीतल्या उतारावर आमची गाडी उलटली. शेजारी माझा मावसभाऊ, याच पुतण्याचे वडील. जांभ्याची बारीक खडी ओली झाली की चाकाखालून गोट्यांसारखी सुटते. उताराला आडवे चाललो होतो, मागचं चाक सरकलं आणि मी घाबरून स्टिअरिंग चढाकडे ओढलं. चूक माझी. अशा वेळी ब्रेक न दाबता गाडीचं तोंड उताराकडे करायचं असतं.

आता ती उडी. गाडी कलंडतेय हे कळून तोंडातून शब्द फुटायच्या आत डावीकडच्या खिडकीत झाडं नव्हती, लाल माती होती. दार उघडायला वेळ कुठला? आणि माणूस फेकला जातो तो गाडी पडतेय त्याच बाजूला. अर्धवट बाहेर आलेल्या माणसावर दीड टनाहून जड गाडी येते. मावसभावाने आतली दांडी घट्ट धरली होती. हात खिडकीबाहेर असता तर तो छपराखाली चिरडला असता.

वेग कमी होता हे खरं. आमचा ताशी पंधराच्या आसपास होता. पण उलटताना छप्पर, दार, खांब सगळं अंगावर येतं, तिथे काट्यावरचा आकडा कामाचा नाही. आणि 'कमी' म्हणजे तरी किती? ताशी ३० किलोमीटरने आदळणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडणं. माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा निळा वळ उठला होता. तेवढा मार पट्ट्याने झेलला.

एअरबॅगचं थोडक्यात: ती पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही. पुढच्या एअरबॅग मुख्यतः समोरून धडक बसली की फुगतात. आमच्या फुगल्या नाहीत.

जळण्या-बुडण्याची भीती मात्र मला समजते, कारण उलटा लटकलेला असताना डिझेलचा वास मीही घेतलाय. पण उलटलेल्या गाड्यांपैकी फारच थोड्या पेटतात. पेटली किंवा पाण्यात गेली, तरी बाहेर पडायला शुद्ध हवी, हात धड हवेत, आणि ते पट्ट्यामुळेच राहतात. अंगाचा भार पट्ट्यावर आला की बटण दाबायला जड जातं, हेही खरं. त्याचा उपाय पट्टा काढून ठेवणं नव्हे. आधी किल्ली बंद करायची, पाय पुढे रोवायचे, एक हात छपराला टेकवायचा, हनुवटी छातीशी घ्यायची आणि मग बटण दाबायचं. मी हात न टेकवताच बटण दाबलं आणि डोक्यावर पडलो. सहा आठवडे मानेला पट्टा होता. सीटबेल्ट कापायचं कटर समोरच्या खणात होतं, ते कुठे उडालं ते सापडलंच नाही. आता ते सीटशेजारी, डाव्या हाताला लागेल असं बांधलेलं असतं.

मावसभावाच्या हासळीचं हाड मोडलं ते मागे मोकळा ठेवलेला जॅक उडून आल्यामुळे. त्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. जॅक, गाडी ओढायचं टोचन, पाण्याचा कॅन मी आता हुकांना आवळून बांधतो. पुतण्या रविवारी गाडी घेऊन यायचं म्हणतोय. निघण्याआधी त्याच्या गाडीची डिकी मी स्वतः उघडून बघणार आहे.