राजाबद्दल खरं सांगणाऱ्याने माफी का मागायची?

साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चालू आहे आणि मला त्याचा आता खरोखर संताप येतो. इतिहासाच्या एका शिक्षकांनी वर्गात सांगितलं की डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि साधारण वर्षभराने परत आले. एका मुलाने ते मोबाइलवर घेतलं, पालकांनी पुढे पाठवलं, आणि आता शिक्षकांनी जाहीर माफी मागावी म्हणून निवेदन फिरतंय. त्यावर माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघींच्या सह्या आहेत. हीच घटना आम्हाला शाळेत शिकवली होती, आम्ही ती परीक्षेत लिहिली होती. मी ग्रुपवर विचारलं, "यात खोटं काय आहे?" उत्तर आलं, "तू कोपनहेगनला बसून आम्हाला राजे शिकवू नकोस."

कोपनहेगनला बसून मी राजेच बघते आहे, म्हणून लिहिते.

बापावर उलटलेला राजपुत्र इथल्या मुलांना तिसरी-चौथीतच भेटतो. येलिंग गावच्या दगडावर डेन राजा हॅराल्ड ब्लूटूथने दहाव्या शतकात कोरून ठेवलंय की वडील गोर्म आणि आई थ्यूरा यांच्या स्मरणार्थ हा दगड उभा केला. आपण सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे मिळवला, डेन लोकांना ख्रिस्ती केलं. त्याच हॅराल्डविरुद्ध ९८६ च्या सुमारास त्याच्या मुलाने, स्वेनने, बंड केलं आणि म्हाताऱ्याला देशोधडीला लावलं. पुढे १०१३ मध्ये स्वेनने इंग्लंड घेतलं. त्याचा मुलगा क्नूड इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या तिन्हींचा राजा झाला. डॅनिश इतिहासातलं सगळ्यात मोठं वैभव या बापलेकांच्या वैरातून निघालेलं आहे. माझ्या मुलाच्या वर्गात बाईंनी दोन गट करून एकाला हॅराल्डची आणि दुसऱ्याला स्वेनची बाजू मांडायला लावली. आऊला या शाळेच्या अ‍ॅपवर त्याचे फोटो आले, खाली पालकांनी हृदयं टाकली, विषय संपला.

आणि आपले राजे तर परत आले! हे मला त्या निवेदनवाल्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. दिलेरखानाने अथणीत रयतेची जी दुर्दशा केली ती पाहून ते तिथून निघाले, पन्हाळ्याला आले, बापलेकांची भेट झाली. थोरले महाराज गेल्यावर नऊ वर्षं मोगल, सिद्दी, पोर्तुगीज या सगळ्यांशी एकाच वेळी लढले. १६८९ च्या ११ मार्चला औरंगजेबाने हालहाल करून त्यांना मारलं, तरी ते वाकले नाहीत. स्वेन बापाकडे कधी परतला नाही. आपल्याकडे परत येण्याची गोष्ट आहे, आणि 'गेले होते' हेच पुसून टाकलं तर त्या परत येण्याला अर्थ काय उरतो? विशीतला एक तरुण चुकतो, डोळ्यांनी बघतो, वळतो आणि पुढे असा मरतो. यापेक्षा मोठं आपण मुलांना काय सांगणार आहोत?

संभाजीराजांची बदनामी झाली हे खरंच आहे, आणि ती आमच्या साताऱ्यातच लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणिसांनी आपली बखर १८१० च्या सुमारास लिहिली, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं होतं. तो राग बखरीत उतरला आणि बखरीतून नाटकांत, कादंबऱ्यांत गेला. दीडशे वर्षं मराठी माणूस आपल्या दुसऱ्या छत्रपतींना व्यसनी आणि उनाड समजत राहिला. हा डाग धुतला कोणी? वा. सी. बेंद्रे यांनी. त्यांनी उभी हयात कागद शोधण्यात घालवली आणि १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं. पाठोपाठ कमल गोखले यांचं संशोधन आलं. आज जो संभाजीराजांच्या नावाने घोषणा देतो, तो बेंद्र्यांच्या कष्टावर उभा आहे. त्याच बेंद्र्यांच्या राज्यात ५ जानेवारी २००४ रोजी, शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाच्या रागातून, पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि पोथ्या फाडल्या गेल्या. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. बेंद्र्यांसारख्यांनी जन्मभर जे कागद धुंडाळले, तसेच कागद पायदळी तुडवून कोणत्या राजाचा मान राखला गेला, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

इथे राजाबद्दलची चांगली दंतकथासुद्धा तपासून बघतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात दहावा क्रिश्चन रोज घोड्यावरून कोपनहेगनच्या रस्त्यांवर एकटा फिरायचा, हे खरं. ज्यूंना पिवळा तारा लावायला लावला तेव्हा राजाने स्वतःही तो लावला, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट मात्र खरी नाही; डेन्मार्कमध्ये तो तारा कधी सक्तीचा झालाच नाही. देशाला इतकी शोभणारी कथा, पण इथले लोक स्वतःहून ती दुरुस्त करतात. मग सांगतात की ऑक्टोबर १९४३ मध्ये कोळ्यांच्या बोटींतून सात हजारांवर ज्यू स्वीडनला पोहोचवले गेले, आणि ते काम सामान्य माणसांनी केलं. याच राजाने १९२० च्या ईस्टरला निवडून आलेलं सरकार बरखास्त करून राजेपणच धोक्यात आणलं होतं, हेही सांगतात.

रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये चाळीसच्या आसपास राजे-राण्या पुरलेल्या आहेत. सातव्या क्रिश्चनचं थडगं तिथेच आहे. हा मनोरुग्ण होता. त्याच्या काळात त्याचा डॉक्टर स्ट्रुएन्से देशाचा कारभार चालवत होता, राणीशीही त्याचे संबंध होते, आणि १७७२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. हे कोणी दबक्या आवाजात सांगत नाही. चौथा क्रिश्चन तर इथला लाडका राजा. कोपनहेगनचा गोल मनोरा त्याचा, रोझेनबोर्गचा राजवाडा त्याचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये जळालेलं बोर्सन, म्हणजे जुन्या शेअर बाजाराची इमारत, त्याचंच, आणि ते जळालं तेव्हा एस-टॉगमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, माणसं फोन बघून रडत होती. १६४४ च्या आरमारी लढाईत त्याचा डोळा गेला. ते रक्ताने माखलेले कपडे रोझेनबोर्गमध्ये जपून ठेवलेत. पण त्याच्या लढायांनी देश कंगाल झाला आणि त्याच्या १६१७ च्या फर्मानानंतर चेटकिणी म्हणून बायका जाळल्या गेल्या, हेही त्याच मुलांना शिकवतात.

ग्रुपवर एकाने मला लगेच २०२० ची बातमी पाठवली. कलाअकादमीतला पाचव्या फ्रेडरिकचा अर्धपुतळा गुलामांच्या व्यापाराच्या निषेधात बंदरात फेकला गेला होता, आणि जबाबदारी घेणाऱ्या विभागप्रमुख बाईंची नोकरी गेली होती. "तुझे डेन कुठे शहाणे?" असा त्याचा प्रश्न. पुतळा फेकणं मला पटलं नव्हतं, नोकरी घालवणंही नाही. पण त्याच व्यापाराचे लाखो कागद डॅनिश अभिलेखागाराने २०१७ मध्ये सगळ्या जगाला खुले केले. डॅनिश जहाजांतून सुमारे एक लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून नेली गेली, ती त्या कागदांत आहेत. आपल्या राजांचं पाप ज्यात लिहिलंय ते कागद ज्यांनी उघडे केले, त्यांचा एक पुतळा पाण्यात गेला म्हणून मी तो हिशेब विसरणार नाही.

कागदांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, कारण ते आपल्या घरचं आहे. चौथ्या क्रिश्चनच्या काळात, १६२० मध्ये, डेन लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगमबाडीला वखार घातली, डान्सबोर्गचा किल्ला बांधला. अर्धशतकाने तंजावर भोसल्यांकडे आलं. संभाजीराजांचे सख्खे नसले तरी काका, व्यंकोजीराजे, तिथे गादीवर बसले. पुढच्या पिढ्यांत डेन्मार्कच्या राजाची वखार मराठी राजाला दरसाल पैसे भरत होती. १८४५ मध्ये आठव्या क्रिश्चनने ती इंग्रजांना विकून टाकली. तंजावरचे मोडी कागद डेन्मार्कमधल्या संग्रहांत आजही आहेत, आणि एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या डॅनिश विदुषीने ते वाचून, भाषांतर करून १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. भोसल्यांच्या दरबारचे कागद इथल्या एका बाईने मोडी शिकून वाचले. निवेदनावर सह्या करणाऱ्या किती जणांना मोडीची एक ओळ वाचता येते? मलाही येत नव्हती. आता रविवारी ऑनलाइन शिकते आहे, अक्षरं लागू लागली आहेत.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. गेल्या वर्षी कँटीनमध्ये एक सहकारी बोलता बोलता शिवाजी महाराजांना 'तुमच्याकडचा स्थानिक टोळीप्रमुख' असं म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले, हात थरथरला, आणि तोंडावर आलेला पहिला शब्द होता, माफी माग. तो मी गिळला आणि त्याला १६७४ चा राज्याभिषेक, १६७७ ची दक्षिण स्वारी, आरमार, तंजावर सगळं सांगितलं. जेवणाची सुटी कधीच संपून गेली होती. स्वेनबद्दल, सातव्या क्रिश्चनबद्दल मी इतक्या शांतपणे बोलू शकते ते शहाणपणामुळे नाही. ते राजे माझे नाहीत, त्यांची ठेच मला लागत नाही. साताऱ्यातल्या त्या दोघींना काय होतं ते मला आतून ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचा राग येतो.

१४ जानेवारी २०२४ ला नवा राजा दहावा फ्रेडरिक क्रिश्चन्सबोर्ग राजवाड्याच्या सज्जात आला तेव्हा खालच्या गर्दीत आम्हीही होतो. माझा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून झेंडा हलवत 'आपला राजा' म्हणून ओरडत होता. तो इथेच जन्मला, त्याचं बरोबर आहे. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या क्षणी मला साताऱ्याच्या राजवाड्यासमोरची गर्दी, शिवजयंतीचे ताशे, भगवे फेटे यांची इतकी आठवण झाली की घसा दाटून आला.

नागरिकत्वाची परीक्षा मी केव्हाच पास झाले आहे. त्यासाठी क्रिश्चन आणि फ्रेडरिक यांची सोळाव्या शतकापासूनची ओळ पाठ केली होती, अजूनही म्हणून दाखवीन. प्रमाणपत्र कपाटात आहे. नवरा दर काही महिन्यांनी विचारतो, अर्ज कधी करतेस? भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल, एवढंच उत्तर मी देत आले. खरं कारण वेगळं आहे. मी इथली झाले की साताऱ्यातल्या भांडणात मला बोलायचा हक्क उरणार नाही, असं मला वाटतं. कायद्याने तसं काही नाही, मला माहीत आहे. मुलगा मोठा होऊन अर्ज करेल तेव्हा मी आनंदाने त्याच्याबरोबर जाईन. माझा अर्ज मी करणार नाही, हे काल रात्री नवऱ्याला सांगून टाकलं.