म्हणे डॉक्टरांची गाडी!

जुन्या गाड्यांच्या एजंटला फोनवर तीनदा बजावलं होतं. तीनदा! "भाऊ, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय." "हो साहेब, हातसुद्धा लावत नाही." काल रविवारी सातला उठलो, सातपूरहून मेकॅनिकला उचललं, साडेआठला पाथर्डी फाट्याला हजर. मेकॅनिकने काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. गरम.

एजंट म्हणतो, "ऊन लागलंय भाऊ."

डिसेंबरातली सकाळ, माझ्या कानाला मफलर, आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली. ऊन लागलंय!

तिथूनच परतायला हवं होतं. पण 2011 ची होंडा सिटी, सिल्व्हर, एमएच 15 पासिंग, 'सिंगल हँड, डॉक्टर यूज्ड'. आणि डिकी अशी की निफाडहून येताना कांद्याच्या दोन गोण्या टाकून वर आईची बॅगही बसेल. पाघळलो.

मला एक सांगा, नाशकातल्या झाडून सगळ्या जुन्या सेडान डॉक्टरांच्याच कशा? गंगापूर रोडला दवाखाने नसतील एवढ्या 'डॉक्टरांच्या गाड्या' मी या दोन महिन्यांत बघितल्या. उरलेल्या बँक मॅनेजरच्या, आणि त्यातूनही एखादी सुटलीच तर 'मॅडम चालवायच्या'. केटरर, ठेकेदार, रोज कसारा उतरून कल्याण-ठाणे करणारा सेल्समन, यांनी जन्मात कधी गाडी घेतलीच नाही बहुतेक. या गाडीच्या मागच्या काचेवर तर लाल प्लसचा स्टिकर होता. चौदा वर्षांच्या गाडीवर कोरा करकरीत, खालचे हवेचे फुगे अजून बसायचे होते.

मीटरवर 46,210. मनातल्या मनात भागाकार केला, दिवसाला नऊ किलोमीटरसुद्धा होईनात. म्हणजे डॉक्टरसाहेब दवाखान्यात गेले नि घरी आले, बस्स. चौदा वर्षांत वणी नाही, शिर्डी नाही, साडूच्या पोरीचं लग्न नाही. बरं, मग ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा कुठे गेल्या? उजवा कोपरा तर पार लोखंडापर्यंत घासलेला. स्टेअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड खचलेली. टायरची नक्षी शाबूत, म्हणून एजंट त्यावर थाप मारून दाखवत होता, पण बाजूला कोड 3516. म्हणजे 2016 चा पस्तिसावा आठवडा. कडेला बोट फिरवलं तर टाचेच्या भेगा बऱ्या.

आणि मग तो स्टिकर. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर, खाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी पिवळा चौकोन. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तो. बॉलपेनने लिहिलेलं : पुढील ऑइल 1,38,000.

मी वाचलं. मेकॅनिकने वाचलं. एजंट वाकला, त्यानेही वाचलं. मग त्या माणसाने माझ्यादेखत, माझा मोबाईल खिशातून निघायच्या आत, नखाने तो स्टिकर खरवडून काढला, बोटांत चोळामोळा केला आणि खिशात टाकला. वर म्हणतो, "दुसऱ्या गाडीचा चिकटला चुकून."

चुकून! आता आरसी दाखवा म्हटलं. ओनर सिरियल 3, म्हणजे मालक तिसरा. सिंगल हँडचं काय झालं? "घरातल्या घरातच भाऊ. डॉक्टर, त्यांचे साडू, साडूंचा मुलगा." शिवाय ऑगस्टमध्ये पासिंगला पंधरा वर्षं पूर्ण. म्हणजे आठ महिन्यांत आरटीओच्या वाऱ्या, नूतनीकरणाची फी 5000, वर पर्यावरण कर, आणि मिळणार काय, तर पाच वर्षं. "ते किरकोळ आहे भाऊ." किरकोळ आहे तर तू भर ना! "तुम्हाला गाडी घ्यायचीय की एक्सरे काढायचाय?" असं वर मलाच.

सगळ्यात डोकं कशाने फिरलं माहितीये? गाडी चांगली होती. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही, रेस केली तर निळा धूर नाही. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डागही शोधला. 2019 ला गोदावरीच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढलं होतं, तेव्हा काठावरच्या किती गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या असतील देव जाणे. इथे डाग नव्हता. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, पट्टा बदलायची भानगड नाही. ऑइल वेळेवर पडलं असेल तर सव्वा लाख म्हणजे काही म्हातारपण नव्हे. उभी राहून सील कडक झालेल्या चाळीस हजारवालीपेक्षा मी ही कधीही घेतली असती. 'सव्वा लाख चाललीय, ही सर्व्हिसची बिलं', एवढं म्हणाला असता तर टोकन दिलं असतं गाढवाला. पण खरं बोलून गाडी विकली तर नाक कापलं जाणार ना!

यात गिऱ्हाईकही कमी नाही म्हणा. आमच्या पार्किंगमधले काका कोणतीही गाडी दिसली की आधी टायरला लाथ मारतात, मग "किती देते?" विचारतात. ब्रेक लागतो का, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना मीटरवर पन्नासच्या आतलाच आकडा हवा, मग एजंट लॅपटॉप लावून तो देतो. आणि गाडीतला तो मोगऱ्याचा परफ्यूम! जुन्या गाडीत मोगरा आला की शंका यावी, कार्पेट ओलं तर नाही. अजून डोकं दुखतंय.

घरी येऊन हे सगळं तावातावाने सांगत होतो, तर बायको शांतपणे म्हणाली, "आपली एस्टीम विकताना तुम्ही काय सांगितलं होतं?"

सांगितलं होतं की मिसेस चालवायच्या. ती शेजारीच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिला स्कूटीसुद्धा येत नाही.

असो. मेकॅनिकला 500 रुपये ठरले होते, वर मिसळ झाली, त्यात त्याने दोनदा रस्सा मागवला. सातपूरला सोडायला निघालो, तर अंबडच्या चढावर दुसऱ्या गिअरला त्याने मान तिरकी करून कान दिला.

"साहेब, या वॅगन आरचा क्लच गेलाय."

"मग?"

"आत्ताच विकून टाका. एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. फक्त तुम्ही करता काय, ते सांगू नका."