क्लाउड रिकामा करायला सांगणाऱ्या मेसेजचं ऐकू नका

‘गुगल फोटोज आणि ड्राइव्ह रिकामे करा, सगळं एका हार्ड डिस्कमध्ये उतरवा, डिस्क कपाटात ठेवा, आयुष्यभर निर्धास्त राहा’ असा एक लांबलचक मेसेज बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या मामांनी तो वाचून घरातले सगळे फोटो डिस्कवर घेतले आणि आता खात्यातून ते काढून टाकायच्या बेतात होते. मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो, कारण त्यातल्या दोन सूचना पाळल्या तर फायली कायमच्या जातील.

‘हार्ड डिस्क आयुष्यभर टिकते.’ नाही टिकत. बॅकब्लेझ ही लोकांच्या फायली साठवून ठेवणारी अमेरिकी कंपनी 2013 पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. 2023 मध्ये तिच्या 1.70 टक्के डिस्क बिघडल्या, 2024 मध्ये 1.57 टक्के. म्हणजे साधारण साठ-पासष्ट डिस्कमागे दरवर्षी एक. आणि या डिस्क थंड खोलीत, रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या, अखंड विजेवर चालणाऱ्या, रोज तपासल्या जाणाऱ्या. आपली डिस्क टेबलावरून पडते, केबल ओढून काढली जाते, मे महिन्यात माळ्यावर तापते. दहा वर्षं एकाच डिस्कवर विसंबणं म्हणजे त्या थंड खोलीतल्या हिशेबानेही सातात एक धोका पत्करणं.

शिवाय कपाट कुठे आहे तेही पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा, फतेहगंज, समा, कारेलीबागेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची कपाटं पाण्यात होती. अल्बम, कागद आणि डिस्क एकाच खणात ठेवणाऱ्याचं सगळं एकदमच जाणार.

‘मग पेन ड्राइव्ह घ्या, त्यात काही फिरत नाही.’ फिरत नाही हे खरं. पण पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवतात, आणि वीज न देता ठेवल्या की तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे पुरेपूर वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने 30 अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. तापमान वाढलं की मुदत घटते. नवी एसएसडी जास्त टिकेल, पण वर्षानुवर्षं बंद ठेवायची ही वस्तू नव्हे. आणि तीन-चारशे रुपयांत मिळणारा ‘2 टीबी’ पेन ड्राइव्ह बनावटच असतो: आत 32 किंवा 64 जीबीची चिप, आणि मोठा आकडा दाखवायला बदललेलं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा आतला प्रोग्राम. चिप भरली की पुढच्या फायलींची नावं दिसतात, आत काही नसतं. घेतल्याबरोबर एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा.

आता सगळ्यात घातक भाग. मेसेज म्हणतो, ‘डिस्क टकटक आवाज करू लागली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि विंडोज फॉरमॅट करायचं का विचारेल तर खुशाल हो म्हणा, फायली नंतर परत मिळतात.’

हे कोणी लिहिलं असेल त्याने डिस्कची रचना कधी पाहिलेली नाही. टकटक म्हणजे वाचणाऱ्या हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन प्रयत्न करतं आहे. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. नेहमीच्या डिस्कला हवेसाठी गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं. फ्रीझरमधून बाहेर काढली की बडोद्याच्या दमट हवेत दव आतही धरतं, आणि तबकडी फिरताच हेड त्या थेंबांवर आपटतं. फार जुन्या डिस्क गार केल्यावर कधीमधी काही मिनिटं चालायच्या, त्यातून ही समजूत उरली आहे. आजच्या डिस्कवर हा प्रयोग करू नका. टकटक ऐकली की लगेच बंद करा, पुन्हा लावून पाहू नका. पुरात भिजलेली डिस्कही चालू करू नका, तांदळात पुरू नका, हेअर ड्रायरने सुकवू नका. सुकताना गाळ तबकडीला चिकटतो. ओलसरच, हवाबंद पिशवीत डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

फॉरमॅटचंही तसंच. हा प्रश्न बहुतेकदा एक्सफॅट (फायली मांडायची एक पद्धत) असलेली डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढल्यावर येतो. फायली जागेवर असतात, त्यांची यादी बिघडलेली असते. ‘कॅन्सल’ म्हणा. क्विक फॉरमॅटने ती यादी पुसली जाते, आणि विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. त्यानंतर कोणताही रिकव्हरी प्रोग्राम काही आणून देणार नाही.

‘क्लाउडवाले तुमच्या फायली वाचू शकतात, खातं कधीही बंद करतात.’ हे अर्धं खरं आहे, मान्य करायला हवं. ड्राइव्हवरच्या फायली कूटबद्ध असतात, पण किल्ली गुगलकडेही असते. ऑगस्ट 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती: एका वडिलांनी डॉक्टरांसाठी मुलाचा फोटो काढला, यंत्रणेने तो गैर ठरवला आणि त्यांचं खातंच बंद झालं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचं गुगलचं धोरणही डिसेंबर 2023 पासून लागू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पश्चात त्यांच्या खात्याचं काय होईल ते यावरून समजा. पण यावर उपाय म्हणजे खातं रिकामं करणं नव्हे. आधार, मिळकतीचे कागद सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने पासवर्ड देऊन ठेवा, ‘एनक्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. खात्याचे बॅकअप कोडही (फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला लागणारे) छापून ठेवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र क्लाउडविरुद्ध खरोखर आहे. कंप्युटरशी जोडलेला गुगल ड्राइव्ह किंवा मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह हा आरसा असतो. इथे फाइल पुसली की तिथूनही जाते, आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवसच राहते. तेव्हा एकट्या क्लाउडवरही विसंबू नये.

‘इंटरनेट गेलं की सगळं गेलं’ हा मुद्दा सोडून देतो. फायली तिथेच असतात.

घरात किंवा क्लाउडमध्ये, असा हा प्रश्नच नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 नियम पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. कंप्युटरमधली मूळ, डिस्कवर दुसरी, क्लाउडमध्ये तिसरी. मेसेज मात्र असलेल्या प्रती कमी करून एकावर आणायला सांगतो.

खात्यातलं सगळं गुगलच्या टेकआउट या सोयीने उतरवायचं असेल तर झिप प्रत्येकी 2 जीबीऐवजी 50 जीबीच्या मागा. दुवे आठवडाभरात संपतात. प्रत्येक झिप उघडून ‘फोटोज फ्रॉम 2017’ अशा वर्षवार फोल्डरमधली संख्या खात्याशी ताडून पाहा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत तारीख नसते, ती शेजारच्या जेसॉन फाइलमध्ये असते, म्हणून त्या फायली कचरा समजून काढू नका. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्क तपासा. 05, सी5, सी6 या ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं तर त्याच दिवशी नवी डिस्क घ्या.

आणि मेसेज वाचून कोणी फोटो आधीच डिलीट केले असतील, तर गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतात. कचरापेटी रिकामी करू नका. आत जा, सगळे निवडा, ‘रिस्टोअर’ दाबा.