किमची सडलेली नसते: बडोद्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

शहरात होऊ घातलेल्या कोरियन सांस्कृतिक कार्यक्रमाविरुद्ध एक मेसेज बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ‘सडलेला कोबी खाऊ घालणार, कुत्री खाणारी माणसं, मुलं बायकी होतील, शेवटी धर्मांतर, सयाजीरावांच्या नगरीत परक्यांचे हे चाळे कशाला?’ आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘मुलांना पाठवू नका’ असं लिहिलं, म्हणून हे उत्तर.

सडलेला कोबी ही तर निव्वळ थाप. मेसेजमधला हा कोबी म्हणजे किमची, कोरियातला मिठात आंबवलेला तिखट कोबी. ती कशी करतात ते आधी बघा. किलोभर चायनीज कोबी उभा चिरून, लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम जाडं मीठ विरघळवून त्यात सहा ते आठ तास बुडवतात. देठाचा जाड भाग न मोडता वाकला की मीठ मुरलं. मग तीन पाण्यांनी धुऊन तासभर निथळत ठेवतात. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करायची, त्यात लाल मिरची, लसूण, आलं, मुळ्याचे काप घालून पानापानाला चोळायचं आणि बरणीत दाबून भरायचं. बरणी पाऊणच भरतात, कारण आत वायू तयार होतो. झाकण रोज एकदा सैल करावं लागतं.

एवढं मीठ असलं की कुजवणारे जंतू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे वाढतात. ढोकळ्याचं पीठ रात्रभर ठेवल्यावर आंबट होतं, तेही याच जातीच्या जंतूंमुळे, आणि त्याला कोणी सडलेलं म्हणत नाही. मुरलेल्या किमचीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.२ च्या आसपास उतरतो. बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू ४.६ च्या खाली वाढूच शकत नाहीत. बिघडते ती हयगयीने. मीठ कमी पडलं तर पानं लिबलिबीत होतात, पान रसाच्या वर राहिलं तर बुरशी धरते. वर नुसता पांढरा पापुद्रा आला तर तो बहुधा यीस्टचा असतो, काढून टाकता येतो. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकायची. बडोद्याच्या मे महिन्यात ती बाहेर अर्धा दिवसच ठेवावी, थंडीत दोन दिवस, मग थेट फ्रीज.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. नेहमीच्या किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय खाऊ नये आणि आयोजकांनी स्टॉलवर ठळक पाटी लावावी. पण कोरियातल्या बौद्ध मठांतली किमची मासळीशिवायच होते, तिच्यात कांदा-लसूणही नसतो. म्हणजे इथल्या जैन शेजाऱ्यांसाठी लसूण वगळायला नवी कृती शोधायला नको. कंदमुळं चालत नसतील तर आलं-मुळाही काढा.

कुत्र्यांचं म्हणाल तर, तिथे ते मांस खाल्लं जायचं, हे खरं. पण ९ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या संसदेने २०८ विरुद्ध शून्य मतांनी त्यासाठी कुत्री पाळणं, मारणं आणि मांस विकणं यांवर बंदी घातली. तीन वर्षांच्या मुदतीनंतर, २०२७ पासून, कत्तलीला तीन वर्षांपर्यंत कैद. एकही विरोधी मत न पडता कायदा करणाऱ्या देशाला ‘कुत्री खाणारे’ म्हणून हिणवायचं आणि तेच आपल्या मुलांना शिकवायचं?

बायकी होण्याचं काय सांगावं! बायकी ही शिवी कधीपासून झाली? शिवाय त्या देशात धडधाकट तरुणांना सैन्यसेवा सक्तीची आहे, लष्करात दीड वर्ष. मेसेजमध्ये ज्यांचा फोटो लावलाय त्या बीटीएस या कोरियन गायक-चमूच्या सातही मुलांनी सक्तीची राष्ट्रसेवा पूर्ण केली आहे. धर्मांतराची भीती घालणाऱ्यांनी तिथली २०१५ ची जनगणना वाचावी: ५६ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नाही असं नोंदवलं.

आणि सयाजीराव महाराजांचं नाव यात ओढू नका. ग्रंथालयांची व्यवस्था लावायला त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. लक्ष्मीविलास राजवाड्याचे आराखडे मँट आणि चिझम या इंग्रजांचे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, तीही बघायला आपण मुलांना नेतोच.

मेसेजमध्ये ‘चपट्या नाकाचे’ असाही शब्द आहे. तो कोरियन पाहुण्यांपर्यंत पोचणार नाही. ईशान्येकडून इथे शिकायला आलेल्या मणिपुरी, नागा मुलांपर्यंत रिक्षात आणि भाड्याची खोली शोधताना पोचतो. आत्या, तेवढ्यासाठी तरी ग्रुपवरून तो मेसेज आजच काढ.