दांडपट्टा, स्ट्रेंग्थ आणि डेक्स : एका सविस्तर प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोथरूडहून आलेली तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मुद्देसूद आहे, म्हणून खाली दोन ओळींत आभार न मानता स्वतंत्र उत्तर देतो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्र रंगवत खेळायच्या खेळाच्या २०२४ च्या नियमांनी मावळा फायटर (लढवय्या पात्र) कसा बांधावा, या लेखात मी दांडपट्ट्याला लाँगस्वोर्डचे (लांब सरळ तलवारीचे) आकडे दिले आणि पात्राच्या सहा गुणांपैकी स्ट्रेंग्थ (ताकद) सर्वांत वर ठेवली. तुमचे आक्षेप तीन. पट्टा लवचिक आणि चपळ, तेव्हा त्याला रेपियरचे (भोसकायच्या पातळ तलवारीचे) आकडे हवेत. डेक्समधून (डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई) एसी (शत्रूचा वार न लागण्याचा आकडा), इनिशिएटिव्ह (लढाईत कोण आधी खेळणार तो क्रम), धनुष्य आणि सेव्ह (संकटातून वाचण्याचा फासा) असं सगळंच मिळतं, तेव्हा स्ट्रेंग्थवर पॉइंट घालणं म्हणजे उधळपट्टी. आणि इतकी आकडेमोड केली की कॅरेक्टरमधला माणूस उरत नाही. सोबत तुम्ही तुमच्या मावळ्याचे आकडे दिलेत : डेक्स १५, इंटेलिजन्स १४, करिझ्मा १४, कॉन (कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे दमसास) १०, विझ्डम १०, स्ट्रेंग्थ ८. बॅकग्राउंड (पात्राचा आधीचा पेशा, त्यातून गुणांत तीनाची भर पडते) सोल्जर, त्यातले दोन डेक्सला आणि एक कॉनला.

सुरुवात पट्ट्यापासून करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत किंवा शिवजयंतीला मर्दानी खेळाचं पथक आलं की आपली नजर पात्याकडे जाते. पातं वीजेसारखं फिरतं, त्यामुळे हे चपळाईचं शस्त्र वाटणं स्वाभाविक आहे. पुढच्या वेळी पात्याऐवजी खांदा आणि पाय बघा. पट्ट्याची मूठ तलवारीसारखी नसते. पोलादी खोबणीत हात मनगटाच्या वरपर्यंत आत जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरली जाते. त्यामुळे मनगट जवळजवळ बांधलं जातं. रेपियरचं सगळं कसब मनगटात आणि बोटांत असतं, टोक इंचभर सरकवून भोसकण्यात असतं. पट्ट्यात ती सोयच नाही. वार खांद्यातून निघतो, कमरेतून वळतो, आणि लांब पातं फिरत ठेवायला सगळं अंग त्याच्यामागे द्यावं लागतं. शिवाय तो मुख्यतः कापणारा वार आहे. रेपियरचं डॅमेज भोसकण्याचं.

म्हणून मी दिलेले आकडे तसेच ठेवतो : १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), कापणारं डॅमेज, एकहाती, फिनेस (डेक्सने वार करण्याची सोय) नाही. लाँगस्वोर्डचा व्हर्सटाइल (दोन्ही हातांनीही चालवण्याचा) गुण मात्र काढून टाकायचा, कारण दुसऱ्या हाताला त्या मुठीत जागाच नाही. त्याच्या बदल्यात पट्टा हातातून उडवता येत नाही, डिसआर्मचा कुठलाही प्रयत्न त्याच्यावर चालणार नाही. पण तो चढवायला किंवा उतरवायला पूर्ण एक ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागेल. मास्टरी (शस्त्राची खास करामत) लाँगस्वोर्डचीच, सॅप : वार लागला की समोरच्याचा पुढचा हल्ला डिसॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा).

चढवण्या-उतरवण्याच्या त्या अटीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि टेबलावर वाद तिथेच पेटतो. उजव्या हातात पट्टा, डाव्या हातात ढाल. आता औषधाची बाटली कोणत्या हाताने उघडणार? २०२४ च्या नियमांत औषध पिणं बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या जोडकृतीत) होतं, पण त्यासाठी हात मोकळा हवा. मशाल, दोर, पडलेल्या सोबत्याला ओढणं, सगळ्याला तीच अडचण. साधी तलवार खाली टाकून वेळ मारून नेता येते, पट्टा टाकता येत नाही. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) हे मोहिमेच्या आधी सांगा आणि बाटल्या शेजारच्या क्लेरिककडे (बरं करणाऱ्या सोबत्याकडे) ठेवा.

आता डेक्स. तुम्ही मोजलेले फायदे खरे आहेत. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) आला की डेक्स सेव्हच करावा लागतो, आणि लाँगबोच्या १५० फुटांपुढे जॅव्हलिनचे ३० फूट तोकडेच. रोग (Rogue, चोर-हेरासारखं पात्र), मंक किंवा तिरंदाज करायचा असेल तर मीही डेक्सच वर ठेवीन, चर्चेची गरज नाही. पण एसीचा हिशेब पूर्ण करू. तुमचा मावळा पहिल्या लेव्हलला डेक्स १७, म्हणजे +३ मॉडिफायर (गुणावरून मिळणारी भर). स्टडेड लेदर (चामडी चिलखत) १२ अधिक ३, एसी १५. स्ट्रेंग्थवाल्याची चेन मेल (कड्यांचं जड चिलखत) सरळ १६. चौथ्या लेव्हलला तुमची डेक्स १८ झाली की एसी १६, तोवर स्ट्रेंग्थवाल्याने २०० सोन्याच्या नाण्यांची स्प्लिंट (त्याहून भारी चिलखत) घेतली तर १७. तुमची डेक्स २० होऊन एसी १७ होतो, त्याच्या प्लेटचा १८. प्लेटला १५०० नाणी लागतात आणि ती कधी मिळतील हे डीएमच्या हातात, हे कबूल. ढाल दोघांनाही सारखीच दोनाने वाढवते. म्हणजे एसीसाठी डेक्स, हा युक्तिवाद फायटरच्या बाबतीत टिकत नाही, कारण त्याला जड चिलखत वापरता येतं. खरी किंमत स्टेल्थची (लपतछपत जाण्याची) आहे. चेन मेल, स्प्लिंट, प्लेट, तिन्हींत स्टेल्थवर डिसॲडव्हान्टेज. मोहीम रात्रीच्या छाप्यांची असेल तर हे जाणवेल, आणि त्या वेळी चिलखत तळावर ठेवून जाण्याचा निर्णय घ्यावा लागेल.

इनिशिएटिव्हचा तुमचा मुद्दा बॅकग्राउंड बदलून सुटतो. सोल्जरऐवजी गार्ड घ्या. त्यात स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, विझ्डम यांतले गुण वाढवता येतात आणि अलर्ट हे फीट (खास कौशल्य) मिळतं. अलर्टने इनिशिएटिव्हमध्ये प्रोफिशियन्सी (सरावाची भर) मिळते, पहिल्या लेव्हलला +२. डेक्स १० असूनही तुमच्या +३ पेक्षा फक्त एकाने कमी. वर, तयार असलेल्या सोबत्याबरोबर क्रम अदलाबदल करता येतो, ही सोय तर मला त्या आकड्याहून मोलाची वाटते.

तुमच्या आकड्यांतली सर्वांत मोठी अडचण स्ट्रेंग्थ ८ ही आहे, आणि तिथे तुमचा तिसरा आक्षेप माझ्या बाजूने येतो. तुम्ही लिहिलंय की हा मावळा १६७० साली सिंहगडाचा कडा चढलेल्या माणसांच्या जातकुळीचा आहे. कडा चढणं म्हणजे ॲथलेटिक्स, आणि ॲथलेटिक्स म्हणजे स्ट्रेंग्थ. स्ट्रेंग्थ ८ म्हणजे −१, प्रोफिशियन्सी धरून +१. डीसी (गाठायचा आकडा) १५ असेल तर फाशावर १४ किंवा जास्त हवेत : शंभरात ३५ वेळा यश. स्ट्रेंग्थ १७ असेल तर +५, तेव्हा १० पुरतात : ५५ वेळा. कागदावर ‘कडे चढणारा’ लिहिलेला माणूस पहिल्याच कड्यावर तीनांत दोनदा घसरणार असेल, तर त्याची गोष्ट बिघडवली ती आकड्यांकडे न बघण्याने. कॅरेक्टरमधला माणूस टेबलावर दिसतो तो त्याला काय जमतं यातून, म्हणून मी आकडे इतके धरून बसतो.

इंटेलिजन्स १४ ची मला गरज दिसत नाही. गनिमी कावा तुम्ही स्वतः आखणार आहात, त्याला फासा लागत नाही. त्या १४ ला खर्च झालेले सात पॉइंट कॉनकडे वळवा. पाचव्या लेव्हलला कॉन १० च्या फायटरचे हिट पॉइंट (किती डॅमेज सोसेल तो आकडा) ठरावीक सरासरीने ३४, कॉन १४ चे ४४. तुमचं कॉन ११ असलं तरी हिशेब १० चाच, विषम आकड्याने मॉडिफायर बदलत नाही. सरासरी १३ डॅमेजचा घाव घालणारा राक्षस समोर असेल तर ३४ वाला तिसऱ्या घावाला कोसळतो, ४४ वाला चौथा घाव बसेपर्यंत उभा असतो. त्या एका फेरीत क्लेरिक पोहोचतो. विझ्डमचंही तसंच : होल्ड पर्सन या मंत्राचा सेव्ह चुकला तर तुम्ही जागच्या जागी खिळता आणि जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) होतो.

तेव्हा सुरुवातीला गुणांवर खर्चायच्या २७ पॉइंटांची माझी वाटणी अशी : स्ट्रेंग्थ १५ ला नऊ, कॉन १४ ला सात, विझ्डम १३ ला पाच, करिझ्मा १२ ला चार, डेक्स १० ला दोन, इंटेलिजन्स ८ फुकट. गार्डमधून स्ट्रेंग्थला दोन, विझ्डमला एक. झाले १७ आणि १४. स्ट्रेंग्थ १७ वर थांबली म्हणून हळहळू नका. चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ एकाने वाढवणारं एखादं फीट घेतलं की १८ होते आणि फीटही पदरात पडतं. फायटिंग स्टाइल (लढण्याची पद्धत) ड्युएलिंग, एकहाती शस्त्राच्या डॅमेजला दोनाची भर. पट्ट्याचा वार १डी८ अधिक ३ अधिक २, सरासरी साडेनऊ. रेपियरवाल्या डेक्स फायटरचाही नेमका इतकाच.

खरेदी सुरुवातीच्या तयार सामानाऐवजी मिळणाऱ्या १५५ नाण्यांच्या पर्यायातून करा. चेन मेल ७५, पट्टा लाँगस्वोर्डच्या भावाने १५, ढाल १०, आठ जॅव्हलिन ४, डन्जनियर्स पॅक १२. एकूण ११६, हातात ३९ उरतात. एक सूचना : तुमचा ग्रुप अजून २०१४ च्या पुस्तकावर खेळत असेल तर गार्ड आणि अलर्टबद्दल मी लिहिलेलं लागू होत नाही, मास्टरीही नाही. शिवाय तिथे एका टर्नमध्ये एकच शस्त्र फुकट काढता येतं, त्यामुळे पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळाले तरी दुसऱ्या जॅव्हलिनसाठी डीएमची परवानगी लागेल. दोन्ही पुस्तकांतले सोयीचे तुकडे जोडू नका. कोणतं पुस्तक वापरताय ते कळवा, २०१४ चं असेल तर त्याप्रमाणे वाटणी वेगळी करून देतो.