‘ब्लॅक ॲनोडाइज’वरचा तो मेसेज: एकेका मुद्द्याला उत्तर

मशीन शॉपवाल्यांच्या आणि डिझाइनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ब्लॅक ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला काळा रंग, त्याने मापात फरक पडत नाही, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) काळा केला की दुप्पट थंड राहतो, बॉडी धातूची असल्यामुळे अर्थिंग कुठूनही घेता येतं, काळं दिसतंय म्हणजे ते हार्ड आहे, एकदा केलं की रंग जन्मभर जात नाही, आणि ॲल्युमिनियम कुठलंही चालतं.

यातलं एखाद-दुसरं विधान अर्धवट खरं आहे, म्हणूनच मेसेज पटकन पटतो. पण त्यावर विसंबून लोक ड्रॉइंगवर नुसतं ‘ब्लॅक ॲनोडाइज’ लिहून मोकळे होतात. मग जॉब (बनवायला घेतलेले भाग) रिजेक्ट होतात आणि भुर्दंड बसतो तो लहान वर्कशॉपवाल्याला. अर्थिंगचा मुद्दा तर जिवाशी खेळणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, रंगाचा. पेंट किंवा पावडर कोटिंग बाहेरून आणून वर बसवलेलं असतं. ॲनोडायझिंगमध्ये बाहेरून काही चढवत नाहीत, थर त्याच धातूतून उगवतो. जॉब गंधकाम्लाच्या टाकीत सोडतात. आम्ल साधारण १५ ते २० टक्के, तापमान २० अंशांच्या आसपास. जॉब पॉझिटिव्हला जोडून १२ ते १८ व्होल्टचा डीसी प्रवाह सोडला की पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमचं ऑक्साइड व्हायला लागतं. हे ऑक्साइड सलग नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारी, दहा-वीस नॅनोमीटर रुंदीची उभी छिद्रं अगदी दाटीने असतात. जॉब धुऊन डायच्या, म्हणजे रंगद्रव्याच्या, गरम टाकीत बुडवला की काळा डाय या छिद्रांत शिरतो. मग उकळत्या पाण्यात किंवा निकेल ॲसिटेटच्या द्रावणात छिद्रांची तोंडं बंद करतात. यालाच सीलिंग म्हणतात.

म्हणजे काळा रंग ही मधली एक पायरी आहे, आणि तीही वेगवेगळ्या तऱ्हेने होते. खिडक्यांच्या सेक्शनमध्ये बहुतेक वेळा डाय नसतोच. तिथे कथिलाच्या क्षारांच्या टाकीत एसी प्रवाह देऊन छिद्रांच्या तळाशी कथिलाचे कण बसवतात. वेळ वाढवत गेलं की रंग ब्रॉन्झपासून काळ्यापर्यंत जातो. उपग्रहांच्या भागांसाठी निकेल किंवा कोबाल्टचं सल्फाइड छिद्रांत तयार करतात, कारण अवकाशातल्या अतिनील किरणांपुढे सेंद्रिय डाय टिकत नाही. तिन्ही काळेच दिसतात, पण गुणधर्म तिघांचे तीन. १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली, ती समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे) भाग खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून. या विद्येचा जन्म संरक्षणासाठी झालाय, रंग तिला नंतर चिकटला.

आता मापाचा मुद्दा. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे थर काही आत जातो, काही बाहेर येतो. साध्या ॲनोडायझिंगमध्ये ढोबळमानाने एक तृतीयांश बाहेर आणि दोन तृतीयांश आत. हार्डमध्ये, म्हणजे जास्त जाड आणि कडक थराच्या प्रकारात, निम्मा-निम्मा. १० मिलिमीटरचं एच७ बोअर (अचूक बसणीसाठीचं भोक) घ्या. त्याचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, शून्य ते अधिक १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १५ मायक्रॉनचं साधं ॲनोडायझिंग केलं तर प्रत्येक बाजूने ५, म्हणजे व्यासात १० मायक्रॉन कमी झाले. टॉलरन्सचा दोन तृतीयांश भाग तिथेच संपला. ५० मायक्रॉनचं हार्ड केलं तर व्यासातून ५० मायक्रॉन जातात, आणि मशीनवर अचूक बसलेली डॉवेल पिन आता तोंडाशीच अडते.

आट्यांचं गणित याहून कडक आहे. ६० अंशांच्या आट्यात दोन्ही उतारांवर थर चढतो, त्यामुळे पिच डायमीटरमध्ये (आट्याच्या मध्यावर मोजलेल्या व्यासात) बाहेर आलेल्या थराच्या चौपट फरक पडतो. एम३च्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आटे पाडलेल्या, ६एच टॅप होलला पिच डायमीटरचा पूर्ण टॉलरन्स १०० मायक्रॉन आहे. ५० मायक्रॉनच्या हार्ड ॲनोडायझिंगमध्ये २५ बाहेर आले, त्याची चौपट १००. सगळा टॉलरन्स गिळला गेला. असा लॉट मी असेंब्लीच्या टेबलावर पाहिलाय. ॲनोडायझिंगला जाण्याआधी प्रत्येक होलमध्ये गो गेज (आटे मापात असतील तरच आत जाणारं मापक) बोटांनी फिरत होतं, परत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आट्यातच अडकायला लागलं. कुणीतरी ‘टॅप फिरवून घेऊ’ म्हणालं. टॅप त्या ऑक्साइडवर घासून बोथट झाला, आणि जिथे फिरला तिथला थर निघून खाली पांढरा धातू उघडा पडला. जॉब काळाच होता, ड्रॉइंगप्रमाणेच होता, आणि निरुपयोगी होता.

उपाय अवघड नाही. ड्रॉइंगवर मापं ॲनोडायझिंगच्या आधीची की नंतरची हे लिहायचं, हार्डसाठी ओव्हरसाइझ टॅप वापरायचा किंवा होलमध्ये रबरी बूच लावायला सांगायचं. साध्या १० मायक्रॉनच्या थराला एम३मध्ये जेमतेम १३ मायक्रॉनचा फरक पडतो, तो बहुधा खपून जातो. ‘मापात फरक पडत नाही’ हा समज याच अनुभवातून आला असावा.

हीटसिंकच्या दाव्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे, आणि श्रेयही सगळ्यात चुकीच्या ठिकाणी दिलंय.

उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फारच थोडी बाहेर फेकतं. त्याची उत्सर्जनक्षमता ०.१च्याही खाली असते. ॲनोडाइज केलं की ती ०.८च्या आसपास जाते. १० बाय १० सेंटिमीटरचा सपाट पत्रा घ्या, तो ७० अंशांवर आणि आजूबाजूची खोली ३० अंशांवर. ॲनोडाइज केलेली एक बाजू किरणांच्या रूपात साधारण अडीच वॅट बाहेर टाकते. उघडी बाजू पाव वॅटसुद्धा टाकत नाही. पंखा नसेल तर हवेने नेलेली उष्णता दोन-सव्वादोन वॅटच्या घरात असते. म्हणजे सपाट, पंख्याशिवायच्या पत्र्यावर एकूण उष्णता खरोखरच दुपटीच्या आसपास जाते.

पण ही कमाल काळ्या डायची नाही, ऑक्साइडची आहे. ७० अंशांचा पत्रा ज्या लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत उष्णता फेकतो, तिथे बिनरंगी ॲनोडायझिंगही जवळपास तितकंच ‘काळं’ असतं. आपल्या डोळ्यांना दिसणारा काळेपणा त्या किरणांच्या दृष्टीने गौण आहे. फक्त थंडाव्यासाठी डायचे जादा पैसे मोजत असाल तर ते फुकट जातात.

शिवाय ही दुप्पट फक्त सपाट पत्र्याची. पंख असलेल्या हीटसिंकमध्ये समोरासमोरचे पंख एकमेकांवरच किरण टाकतात. फायदा बाहेरच्या घेराला तेवढा होतो. पंखा लावला तर हवाच इतकी उष्णता नेते की किरणांचा वाटा किरकोळ उरतो.

आणि तोच हीटसिंक उन्हात ठेवला तर काळा रंग उलटतो. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट घेऊन येतं. काळा पृष्ठभाग त्यातलं बहुतेक शोषतो, म्हणजे आपल्या त्या १० बाय १०च्या पत्र्यावर आठ-नऊ वॅट. किरणांनी बाहेर जात होते अडीच. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवर बसवायचं उपकरण काळं करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. बिनरंगी ॲनोडायझिंग ऊन बरंच कमी शोषतं आणि उष्णता तितकीच बाहेर टाकतं.

कॅमेऱ्यांचं काम करणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. लेन्सच्या नळ्या, दुर्बिणीच्या नळ्या, प्रयोगशाळेतली ऑप्टिकल टेबलं काळी ॲनोडाइज करतात ती भरकटलेला प्रकाश गिळावा म्हणून. दृश्य प्रकाशात ते ठीक चालतं. पण नेहमीचे सेंद्रिय काळे डाय जवळच्या अवरक्त प्रकाशात पारदर्शक होत जातात. ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावून मशीन व्हिजनचा (कॅमेऱ्याने जॉब तपासण्याचा) सेटअप उभा केला की डोळ्यांना कोळशासारखा दिसणारा ब्रॅकेट स्क्रीनवर चक्क उजळ दिसू शकतो. माणसं सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. अशा कामाला अवरक्तातही काळा राहणारा थर किंवा खास काळा पेंट लागतो, आणि खाली ब्लास्टिंग करून पृष्ठभाग मॅट केलेला बरा.

अर्थिंगबद्दल मात्र स्पष्टच सांगतो: हा दावा पसरवणं थांबवा. ॲल्युमिनियम ऑक्साइड वीजरोधक आहे. ब्लॅक ॲनोडाइज केलेल्या डब्यावर मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब हलकेच टेकवा, सर्किट उघडं असल्याचंच दाखवेल. प्रोबच्या टोकाने थर खरवडून धातूला टेकवलं की लगेच शून्य ओहमच्या जवळ. आता अर्थची वायर रिंग टर्मिनलने त्या काळ्या पृष्ठभागावर नुसती दाबून बसवली आहे आणि आत फेज सुटून बॉडीला लागला, असं समजा. बॉडीवर २३० व्होल्ट, अर्थपर्यंत वाट नाही, एमसीबी पडत नाही आणि माणूस हात लावतो.

बरं, याचा उलटा अर्थ काढून थरावर इन्सुलेशन म्हणूनही विसंबायचं नाही. १५ मायक्रॉनचा चांगला थर काही शे व्होल्ट अडवू शकतो, पण कडेला, ओरखड्यावर, स्क्रूच्या डोक्याखाली तो कधी फुटेल याचा नेम नाही. अर्थची जागा ॲनोडायझिंगच्या आधी मास्क करावी (थर चढू नये म्हणून झाकावी) किंवा नंतर मिल करून धातू उघडा करावा, त्यावर वीजवाहक क्रोमेट करावं, दातेरी वॉशर घालावा आणि मग मीटरने मोजावं. पॅनेलचं झाकण आणि बॉडी यांच्यामध्येही हेच पाहावं, कारण दोन्ही काळे तुकडे स्क्रूने जोडले म्हणजे विजेनेही जोडले गेले असं होत नाही.

‘काळं म्हणजे हार्ड’ याला फार शब्द नकोत. हार्ड ॲनोडायझिंग शून्य अंशाच्या आसपास गार केलेल्या टाकीत, जास्त करंटने होतं. थर साधारण २५ ते १०० मायक्रॉन. ६०६१ या मिश्रधातूवर ५० मायक्रॉन झाले की डाय न घालताही रंग गडद करडा, काळपट येतो. स्वयंपाकघरातल्या हार्ड ॲनोडाइज कढईचा रंग पाहा, म्हणजे ती छटा लक्षात येईल. उलट सगळ्यात देखणा, शाईसारखा काळा रंग बहुधा १५-२० मायक्रॉनच्या साध्या, डाय केलेल्या थरावर असतो. डोळ्यांनी फरक ठरवू नका. एडी करंटचं जाडी मोजायचं यंत्र जॉबला न दुखावता मायक्रॉन सांगतं, आणि वेंडरकडून तो रिपोर्ट मागायचा तुम्हाला हक्क आहे.

रंग जन्मभर टिकतो का? चांगल्या थरावर, चांगलं सीलिंग झालं असेल तर घरात वर्षानुवर्षं टिकतो. पण थर ५-७ मायक्रॉनचाच असेल तर डायला शिरायला जागाच नसते. रंग सुरुवातीपासूनच तपकिरी-जांभळट दिसतो आणि उन्हात आणखी विटतो. सीलिंगचा ढोबळ नियम मायक्रॉनमागे दोन ते तीन मिनिटांचा आहे, म्हणजे १५ मायक्रॉनला अर्धा-पाऊण तास. लॉटची घाई असली की कात्री इथेच लागते, कारण टाकीतून लवकर काढलेला जॉबही तितकाच सुंदर दिसतो. पांढऱ्या ओल्या फडक्याने जोरात पुसून पाहा. फडकं काळं झालं तर शंका घ्या. पक्कं तपासायचं तर डागाची चाचणी करायला सांगा: आम्लाचा थेंब, मग रंगाचा थेंब, आणि धुतल्यावर डाग राहिला तर छिद्रं उघडी आहेत.

उत्तम सील केलेला थरही अल्कलीपुढे हरतो. बांधकामावर ओल्या सिमेंटचे शिंतोडे काळ्या खिडकीवर पडून वाळले की काढल्यावर खाली पांढरट डाग उरतात. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथला थरच खाल्ला गेलेला असतो. फरशीच्या ॲसिडनेही हेच होतं. म्हणून गिलावा पुरा होईपर्यंत सेक्शनवरची प्लास्टिकची टेप काढू देऊ नका.

राहिला ‘कुठलंही ॲल्युमिनियम’. हीटसिंक किंवा हाउसिंग एडीसी१२ या ओतकामाच्या मिश्रधातूत डायकास्ट करून (साच्यात दाबाने ओतून) ‘ब्लॅक ॲनोडाइज करून द्या’ म्हणणारे खूप भेटतात. त्यात १० ते १२ टक्के सिलिकॉन असतं आणि वर तांबं. सिलिकॉनचं ॲनोडायझिंग होत नाही, त्याचे कण थरात तसेच अडकून राहतात. रंग करडा, डागाळलेला येतो आणि थर पातळ राहतो. प्लेटिंगवाल्याने जीव तोडून काम केलं तरी यात फरक पडत नाही, आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो. कास्टिंगला काळं करायचं असेल तर पावडर कोटिंग घ्या. ॲनोडायझिंगच हवं असेल तर एक्स्ट्रूजनला ६०६३ आणि मशीनिंगला ६०६१ किंवा ६०८२ घ्या. वेल्डिंग असेल तर ४०४३ची तार टाळून ५३५६ वापरा. ४०४३मध्ये सिलिकॉन असल्याने सांध्याची रेघ वेगळ्या छटेत उठून दिसते.

ड्रॉइंगवर ‘ब्लॅक ॲनोडाइज’ या दोन शब्दांच्या जागी एवढं लिहा: मिश्रधातूचा ग्रेड, साधं की हार्ड, किमान किती मायक्रॉन, कोणत्या प्रकारचा काळा, सीलिंग कशाने, मापं आधीची की नंतरची, मास्क करायच्या जागा, आणि टाकीत जॉब टांगायच्या रॅकच्या पकडीची खूण कुठे चालेल. सोबत आयएस १८६८ या भारतीय मानकाचा उल्लेख करा, म्हणजे वाद झाला तर दोघांनाही बोट ठेवायला एकच कागद असेल.